घरगुती अडचण

माझ्या सुनेने एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकायचं ठरवलं. घरात हे सगळ्यात शेवटी मला कळलं, कारण मी विचारत नाही. दुपारी जेवणं आटोपली की ती जुनी पुस्तकं काढून बसायची. मला वाटायचं, नातीचा अभ्यास घेते. नात अकरावीत होती आणि त्या वेळी ती क्लासला गेलेली असायची, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

"काय वाचून राहिली वं?" मी एकदा विचारलं.

"परीक्षा देऊन राहिली, आई. एम.एस्सी.ची. फळझाडांची. अकोल्याले."

"बरं. कुकरच्या शिट्या झाल्या का?"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. फळझाडांवर एम.एस्सी. असते हे मला माहीत नव्हतं. पण सून शेंदूरजनाघाटची. तिच्या वडिलांचा संत्र्याचा बगीचा आहे आणि काही वर्षांपासून त्यातली झाडं शेंड्याकडून वाळत चालली आहेत. माहेरी गेली की ही भावजयांशी बोलायचं सोडून झाडाखाली बसते, माती उकरते, मुळ्या सोलून पाहते. भावजया त्याला शिष्टपणा म्हणतात. लग्नाआधी ती अकोल्यालाच शेतकीची पदवी शिकली. पुढचं शिकणार होती, तेवढ्यात आमच्या घरी आली. राजापेठेत आमच्या घराला अंगण नाही. गॅलरीत एक कढीपत्ता आहे, तो मी लावलेला आहे आणि त्याला ती हात लावत नाही.

परीक्षेत ती पास झाली. मला वाटलं, संपलं. पूर्वी निकाल एकदा लागायचा आणि माणूस पास तरी व्हायचा नाही तर नापास. आता निकालानंतर यादी लागते, यादीनंतर फेरी होते आणि फेरीनंतर पुन्हा यादी लागते. यादी फोनवर येते. येणार म्हणतात त्या वेळी येत नाही. त्या दिवसांत सुनेच्या एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात फोन असायचा. पोळ्या भारताच्या नकाशासारख्या व्हायला लागल्या. खायला त्या सारख्याच लागतात.

पहिल्या यादीत तिला जागा मिळाली ती कोकणात.

"कोकणात?" माझा मुलगा म्हणाला. तो पतसंस्थेत आहे आणि त्याला घरी आल्यावर दहा मिनिटं कोणी काही बोललेलं चालत नाही. "तिथं तं संत्रंच होत नाई."

"आंबा होते," सून म्हणाली.

"आपल्याले आंब्याचं काय करायचं हाय?"

मग तिने मला समजावून सांगितलं ते असं, की कोकणातली जागा घेतली तर तिकडेच जावं लागेल, आणि सोडली तर अकोल्याची मिळेलच असं नाही. कदाचित यंदा काहीच मिळणार नाही. हो की नाही ते लवकर कळवायचं होतं.

"तुमाले काय वाटते, आई?"

"मले काही वाटत नाई. तू कोकणात जा नाई तं अकोल्याले जा, सैपाक मलेच करा लागन."

तिने कोकण सोडलं. दुसऱ्या यादीत अकोल्याला तिचं नाव वेटिंगवर लागलं, पहिल्या नंबरवर. म्हणजे पुढच्यांपैकी कोणी एकाने जागा सोडली की हिचं काम होणार. मग आमच्या घरात असा काळ सुरू झाला की कोणा परक्याच्या मुलीला दुसरीकडे चांगली जागा मिळावी म्हणून सून देवापुढे दिवा लावायची. त्या मुलीला याचा पत्ता नव्हता.

शेवटच्या फेरीला सगळ्यांनी अकोल्याला स्वतः हजर राहायचं होतं. उरलेल्या जागा तिथेच नावं पुकारून देणार होते. आणि जाताना एक कागद न्यायचा होता. पदवी आणि आताच्या मधे अठरा वर्षं गेली, ती कुठे गेली ते शपथेवर लिहून द्यायचं.

तो कागद करायला ती कचेरीजवळ गेली तेव्हा मी तिच्या स्कूटीवर मागे होते, कारण आम्ही भाजी घेऊन परतत होतो. झाडाखाली एक माणूस कॉम्प्युटर घेऊन बसला होता. त्याच्याकडे मजकूर तयारच होता. फक्त नाव आणि वर्षं बदलायची.

"कारन काय टाकू, ताई? आजारपन, पैशाची अडचन, घरगुती अडचन. तिन्ही चालते."

सुनेने माझ्याकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाहून राहिली?"

"घरगुती टाका," ती त्याला म्हणाली.

"घरगुती मंजे कोन?" मी विचारलं.

"आजी, सगळेच टाकते," तो म्हणाला. "बायांचं तं घरगुतीच राह्यते. तुमी मनावर घेऊ नका."

मी मनावर घेतलं नाही. पण पुढचं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं. या काळात मी कोठेही प्रवेश घेतला नाही, नोकरी केली नाही व कोणतेही काम केले नाही.

"हे खोटं हाय," मी म्हटलं.

"मंजे नोकरी होती का?"

"नोकरी नाई. काम होतं. माहे मालक अर्धांगानं पडले होते तेव्हा त्याइचं सगळं इनंच केलं. शपथ खाऊन खोटं लिहून द्यायचं नाई."

हे मी कौतुकाने म्हणाले नव्हते. लग्न होऊन आल्यापासून मी तिला दिवसाउजेडी आडवी झालेली पाहिलं नाही. झाली असती तर मी बोलले असते. पण शपथ ती शपथ. सून म्हणाली, "आई, राहू द्या ना." मी नाही राहू दिलं. मागे माणसं थांबली होती. त्या माणसाने वैतागून ते वाक्यच काढून टाकलं आणि त्याजागी लिहिलं, या काळात मी घरी राहून स्वयंपाक, मुलीचे संगोपन व आजारी सासऱ्यांची सेवा केली. मी ते वाचून पाहिलं. आता बरोबर होतं.

अकोल्याला जायच्या दिवशी मुलाला सुट्टी नव्हती. "एकटी कशी जाईन ती," तो म्हणाला. ती चार वर्षं अकोल्यात राहिलेली. रोज सकाळी राजापेठेतल्या गर्दीतून स्कूटी काढते. तिच्या राखणीला मला पाठवलं, आणि माझा उजवा गुडघा जिना चढत नाही. बडनेऱ्याला गाडीत तिने मला धरून चढवलं, अकोल्याला धरून उतरवलं.

तिथे मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. पोरंपोरी, त्यांचे बाप, कागदांच्या पिशव्या. माझ्या शेजारी बार्शीटाकळीकडचा एक गृहस्थ बसला होता, पलीकडे त्याची मुलगी. थोडं बोलल्यावर कळलं की त्याच फळझाडांच्या वेटिंगवर त्या मुलीचा दुसरा नंबर. म्हणजे आमच्या मागे. त्याने मला भाजलेल्या शेंगा दिल्या. मी घेतल्या.

फळझाडांची एकच जागा उरली होती. सुनेचं नाव पुकारलं. ती टेबलाजवळ गेली, सगळे कागद दिले, आणि मग तिथेच अडकली. थोड्या वेळाने परत आली.

"कागद चालत नाई म्हनते. दुसरीकडं कुठं प्रवेश घेतला नाई, हे त्यात नाई. ते वाक्यच नाई."

ते वाक्य कचेरीजवळच्या माणसाने काढलं होतं, आणि त्याने ते का काढलं ते आम्हा दोघींना माहीत होतं.

"मंग?"

"नवा करून आना म्हनते. ही शाखा बंद करायच्या आत. नाई तं पुढचं नाव."

टेबलावरचा माणूस उर्मट नव्हता. नियम काही त्याने केला नव्हता. मला बोल लावायला सुनेकडे वेळ नव्हता. ती पळाली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चांगली पळते.

मी तिच्या खुर्चीवर पिशवी ठेवली.

"सूनबाई येतीन ना वापस?" शेजारच्याने विचारलं.

"येईन."

"कोर्टाकडं गर्दी राह्यते या टाइमले."

"राहू द्या."

"नाई, उशीर झाला तं कसं, म्हनून म्हटलं."

"तुमाले तिची काळजी लागली का?"

तो थोडा हसला. "काळजीच म्हना." मग त्याने आणखी शेंगा दिल्या आणि म्हणाला, "वाईट नका मानू, पन या वयात डिगरीचं काय करा लागते त्याइले?"

"तुमची पोरगी किती वर्साची?"

"बावीस संपले."

"त्या वयात ती माह्याकडं भाकरी थापाले आली."

त्याची मुलगी मान खाली घालून फोन पाहत होती. तिच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नव्हतं. ती दिसायला हुशार वाटत होती. जागा एकच होती आणि आम्ही दोघं शेंगा खात होतो.

तोवर त्यांनी दुसऱ्या शाखेची नावं घेतली. ती संपली तसं सुनेचं नाव पुन्हा पुकारलं. मी हात वर केला.

"कुठे आहेत त्या?"

"येऊन राहिली."

"तुम्ही कोण?"

"सासू."

त्या माणसाने तिचा जुना कागद उचलला, पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "हे यात घरगुती अडचण लिहिलंय..."

"ते मीच," मी म्हटलं.

मागचे लोक हसले. तोही हसला, मग चष्मा काढून पुसत बसला. मी विनोद केला नव्हता, विचारलं ते सांगितलं. पण त्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात सून दारातून आत आली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात नवा कागद. त्याने तो वाचला, शिक्का मारला आणि तिला सही करायला सांगितली.

शेजारचा गृहस्थ उठला. "चला, झालं तुमचं," म्हणाला. वाईट बोलला नाही. त्याच्या मुलीने पिशवी उचलली आणि ती आमच्याकडे न पाहता बाहेर गेली. माझ्या ओंजळीत शेंगा उरल्या होत्या त्या मी त्याला परत दिल्या. त्याने घेतल्या.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत सून खिडकीबाहेर पाहत होती.

"त्या पोरीचं वाईट वाटलं, आई."

"वाटत असन तं देऊन टाक तिले जागा. अजून गाडी लांब नाई गेली."

"नाई देत," ती म्हणाली आणि डबा उघडला. डब्यातल्या पोळ्या तिनेच सकाळी केल्या होत्या. त्या दिवशीच्या गोल होत्या.

मी नव्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली आणि वाचली. अकोल्याच्या माणसाकडेही मजकूर तयारच असणार. तेच वाक्य परत आलं होतं, प्रवेश घेतला नाही, नोकरी केली नाही, कोणतेही काम केले नाही. खाली तिची सही होती, चांगली ठसठशीत.

"वाचून सही केली का?"

"केली."

मी घडी घालून कागद तिला परत दिला.

घरी मुलगा दारातच उभा होता. मिळालं, असं ती म्हणाली. तो खरंच खूश झाला. पेढे आणायला निघाला आणि चपला घालता घालता थांबला.

"सोमवारपासून रोज जानं-येनं का?"

"होस्टेल," सून म्हणाली. "शनवारी येईन."

"मंग सैपाकाचं?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले होते.

"घरची जागा खाली झाली," मी मुलाला म्हटलं. "वेटिंगवर तू एकटाच हाय."

त्याला वाटलं मी गंमत करते. सोमवारी त्याने वरण केलं, डाळ कच्ची राहिली. मंगळवारी पुन्हा केलं.