गणपतीला वाहिलेली माझी भेंडी

मंडळी, आज मी शेजारधर्म मोडला आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही.

फेब्रुवारीत सोसायटीच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत भेंडी लावली. पुण्याच्या या उन्हात दिवसातून दोनदा तीन जिने पाणी वाहून रोपं जगवली. फुलं आली, पण भेंडी एकही धरेना. रोज सकाळी फूल गायब! एक फूल गेलं की एक भेंडी गेली.

परवा सकाळी टाकीमागे दबा धरून बसले. चोर दिसला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका, हातात परडी.

मी गप्प बसले. कारण आज त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं.

संध्याकाळी गेले. सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायका हजर. देवघरातल्या गणपतीवर माझी फुलं, आणि काका कौतुकाने सांगतायत, "पिवळी जास्वंद आहे. दुर्मिळ! खास मंडईतून आणतो."

मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "अहो काका, ही भेंडी आहे. माझ्या बादलीतली. गणपतीला रोज भाजी वाहताय तुम्ही."

काका म्हणाले, "देवाला भाव महत्त्वाचा."

काकूंनी पन्ह्याचा जग खाली ठेवला. "अहो, म्हणजे रोज सकाळी गच्चीवर प्राणायाम करता, तो हाच का?"

मी पन्ह्याचा दुसरा ग्लास मागून घेतला.

खरं सांगा, खवचटपणा झाला का माझा? हो म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या गच्चीचा पत्ता द्यावा. काकांना नवी फुलं हवी आहेत.