फोटो दाखव, मग दाबते

केंद्रात त्यांना सगळे थांबाबाई म्हणत; तोंडावर नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल इतपत पाठीमागे. फिजिओथेरपीचं ते केंद्र औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. हिरव्या पडद्यांनी एकमेकींपासून तोडलेल्या खाटा, भिंतीला लटकवलेल्या रबरी पट्ट्या आणि कुठेच न जाणारी एक सायकल. बाकीचे फिजिओथेरपिस्ट पेशंटला "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत. बाई मध्येच हात काढून घेत आणि म्हणत, "थांबा."

मग चौकशी सुरू. दुखणं झोपेतून उठवतं का? वजन आपोआप उतरलंय का? कंबर धरून आलेल्या एका निवृत्त मास्तरांना त्यांनी लघवी अडते का म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, "मी फक्त कंबर आणलीय हो. बाकीचं घरी ठेवून आलोय." बाई हसल्या नाहीत. त्या विनोदांवर नंतर हसत, घरी, भांडी घासताना.

त्यांचं म्हणणं साधं होतं. बिघडलेला सांधा हलवला की ओरडतो आणि टेकवला की गप्प बसतो. टेकवल्यावरही जो कण्हतच राहतो, त्याचं मूळ भलतीकडेच असू शकतं. तिथे आधी डॉक्टर, मग आपला हात.

बहुतेकांच्या तपासण्यांत काहीच निघत नसे. ते चिडून परत येत, किंवा येतच नसत. मालक म्हणत, "बाई, तुम्ही थांबा म्हणता आणि लोक खरंच थांबतात हो!" एकदा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींची एकच पोटरी सुजलेली आणि गरम लागली. बाईंनी व्यायाम थांबवला. मुलगा भांडला, "आईला व्यायामाला आणलंय, गप्पांना नाही." पोटरीच्या शिरेत गुठळी निघाली आणि वेळेत निघाली. घरच्यांनी सर्जनना पुष्पगुच्छ पाठवला. बाईंना निरोप आला, की बुडालेले व्यायाम कधी भरून देणार?

अशा बाईंच्या सख्ख्या थोरल्या भावाचा खांदा दुखू लागला.

दादांचं चष्म्यांचं दुकान होतं. सिगारेट कॉलेजात धरली होती. पुढे कॉलेज सुटलं. सुट्टीच्या दिवशी बाई त्यांच्याकडे जाऊन खांदा दाबून देत. "छोटे, तुझ्या हातात जादू आहे," दादा म्हणत आणि बसल्याबसल्या डोळे मिटत. खरं म्हणजे खांद्यात काही सापडतच नव्हतं. तो चहूकडे छान फिरत होता. आणि तरीही, नुसता मांडीवर हात ठेवून बसलं तरी ठणकत होता. करंगळीला मुंग्या येत होत्या. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती.

"दादा, हे खांद्याचं नाही. छातीचा फोटो काढ."

"दुखतो खांदा आणि फोटो छातीचा? उद्या मी चष्म्याच्या गिऱ्हाइकाला बूट घालू का?"

"काढशील ना?"

"पुढच्या आठवड्यात नक्की. आता दाब."

बाई दाबत. बरं वाटे. बरं वाटलं की पुढचा आठवडा आणखी पुढे जाई. आपला हातच फोटोच्या आड येतोय, हे बाईंना उमगलं तेव्हा त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "फोटो दाखव, मग दाबते."

वहिनी एरवी त्यांना नावाने हाक मारत. चिडल्या की वन्सं म्हणत. "दिवसभर परक्यांचे पाय दाबता, वन्सं, आणि पाठच्या भावाला अटी घालता?"

"पाठची मी आहे, वहिनी. तो पुढचा."

"तेच म्हणते. मान ठेवा."

त्यानंतर दादा सरळ बाईंच्याच केंद्रात आले, शेजारच्या खाटेवर, दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे. पडद्यापलीकडून "अजून थोडं" ऐकू येई आणि मग दादांचा सुस्कारा. तो बाईंना ऐकू जावा इतका मोठा असे. बाईंनी सहकाऱ्याला सांगितलं, हा खांदा नाही, डॉक्टरकडे पाठव. तो म्हणाला, "पेशंटला आराम पडतोय, बाई." मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, घरचं भांडण घरी.

शेवटी बाई दुकानात गेल्या. गिऱ्हाइकांना चेहरा दिसावा म्हणून तिथे भिंतभर आरसे होते. दादा एका गिऱ्हाइकाला फ्रेम लावून बघत होते. "तुमचा एक डोळा किंचित खाली आहे," ते सांगत होते, "दांडी वाकवून देतो, कुणाला कळणार नाही." आणि त्यांची स्वतःची उजवी पापणी अर्ध्यावर उतरली होती, प्रत्येक आरशात.

"दादा, आरशात बघ."

"वय झालं, छोटे. आरसे जुने झालेत."

गल्ल्यावरच्या वहिनींनी मात्र पाहिलं. आधी आरशात, मग नवऱ्याकडे. फोटो दुसऱ्या दिवशी निघाला.

गाठ फुप्फुसाच्या टोकाशी होती आणि खांद्याकडे आणि पापणीकडे जाणाऱ्या नसांना दाबत होती. कापून काढण्याची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय केलंत?"

"खांद्याचे व्यायाम," वहिनी म्हणाल्या. "यांची बहीणच फिजिओथेरपिस्ट आहे."

"मग त्यांच्या लक्षात नाही आलं?"

बाई वहिनींच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. वहिनी समोर बघत म्हणाल्या, "त्यांनी हात लावायलाच नकार दिला होता."

वाक्य अक्षरशः खरं होतं. बाईंनी त्यात काही दुरुस्ती केली नाही. नातेवाइकांत तेच वाक्य फिरलं, आणि फिरताना त्याला कुठे दुरुस्तीची गरजही पडली नाही. मालकांनी सहानुभूती म्हणून बाईंना रजा दिली.

रजेत बाई दादांकडे गेल्या. वहिनींनी दार उघडलं आणि त्या आत निघून गेल्या. दादा उशांना टेकून बसले होते. शेजारी भिंतीला तो काळा फोटो उभा करून ठेवला होता.

"बघ, काढला," दादा म्हणाले. "तुझी अट पुरी केली. आता तरी दाबशील?"

बाईंनी हात टेकवला, कोंबडीच्या पिलाला लावावा तसा. दादांनी डोळे मिटले. एक आधीच अर्धा मिटलेला होता.

"अजून थोडं," दादा म्हणाले.

बाई थांबल्या नाहीत.