दोनशब्दे काकाजी

आमच्या गावात कोणी आठ दिवस खाटेवर पडलं आणि दोनशब्दे काकाजी भेटायला आले, की घरच्यांचे चेहरे उतरत. काकाजी बिचारे चार वांगी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी घेऊन आलेले असत. खाटेशेजारी बसत, आजारी माणसाचा हात हातात घेत आणि तब्येतीचं सोडून भलतंच विचारत. "तो धुऱ्यावरचा आंबा तुह्या बापानं लावला का तू?" "पेरणीले तिफनीवर पयल्यांदा तुले कोणं उभं केलं?" आजारी माणूस हौसेने सांगत बसे. दारामागे उभ्या सुनेला मात्र घाम फुटे, कारण काकाजी ही माहिती कशासाठी गोळा करताहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या सेलूकडच्या भागात चिता पेटली की लोक लगेच उठून जात नाहीत. नाल्याकाठी घाटावर सावली बघून बसतात. मग कोणीतरी गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो, दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहतात आणि आंघोळीला जातात. आमच्या गावात हे दोन शब्द तीसेक वर्षं काकाजीच बोलले. त्यावरून त्यांचं नाव दोनशब्दे पडलं, आणि ते असं चिकटलं की लग्नाच्या पत्रिकांवरही तेच येऊ लागलं. त्यांचं खरं आडनाव मला त्यांचा पीकविम्याचा फॉर्म भरून देताना पहिल्यांदा कळलं. मी सेलूच्या शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे गावातले सगळे फॉर्म माझ्याकडे येतात.

इतर गावांत घाटावर पुढारी बोलतात. गेलेला माणूस मनमिळाऊ होता, कष्टाळू होता, त्याच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली, असं सांगतात. काकाजींना या शब्दांची चीड होती. "मनमिळाऊ म्हंजे काय, मास्तर? मेल्यावर सारेच मनमिळाऊ होतात. त्याच्या हातचं काय होतं ते सांग." ते प्रत्येकाच्या हातचं एकच काम सांगत. एका म्हाताऱ्याबद्दल म्हणाले होते, "यानं चाळीस वर्सं पेरणी केली. रस्त्यानं जाणारा माणूस उभा राहून याच्या पेरणीचं सरळ तास पाहे. बस, मले येवढंच सांगायचं आहे." बौद्धवस्तीतल्या मयतीलाही वंदना झाली की लोक काकाजींकडे बघत. तिथल्या एका शेतकऱ्याबद्दल ते म्हणाले, "यानं विहीर खोदली, अन् विहिरीवरचा दोर-बादली कधी घरी नेली नाई. ज्याले तहान लागन त्यानं ओढावं." त्याचा मोठ्या हुद्द्यावरचा मुलगा, तोपर्यंत कोरडा उभा होता, तो मातीत बसून रडला.

लोकांना मेल्याआधीच आपले दोन शब्द ऐकण्याची घाई असे. पारावरचा एक म्हातारा दर पंधरा दिवसांनी विचारी, "माह्यं काय सांगशीन बे?" काकाजी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "तुह्यं अजून काई जमून नाई राह्यलं. दोन वर्सं थांब. काई तरी करून दाखव." म्हातारा खरोखरच चार वर्षं थांबला आणि त्या काळात त्याने शाळेभोवती कडुलिंबाची बारा झाडं जगवली. काकाजींनी घाटावर झाडांबद्दल सांगितलं. धमकीबद्दल काही बोलले नाहीत.

काकाजींची नाल्याला लागून दीड एकर भाजीवाडी होती. वांगी, पालक, सांबार, मेथी. काकी, म्हणजे सिंधूबाई, उंच आणि अबोल बाई. सकाळी स्वतःच्या वाडीत आणि दुपारी गावातल्या बायांच्या टोळीबरोबर दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला, असा तिचा वीस वर्षांचा शिरस्ता. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दोघं ओट्यावर समोरासमोर बसून जुड्या बांधत. बोलण्याचं काम एकटे काकाजी करत. मी कधी त्यांना म्हणालो की काकींनाही बोलू द्या, तर काकी हसून मान हलवी आणि माझ्यापुढे चहा ठेवी.

काकाजींच्या दोन शब्दांत एक खोट होती, ती मला बरीच उशिरा दिसली. बाई गेली, की त्यांचे शब्द आपोआप चुलीकडे वळत. हिच्या हातची पाटवडी, हिच्या दारातून उपाशी न गेलेला पाहुणा. पुरुषांचा एकेकाचा हात वेगळा, आणि गावातल्या सगळ्या बाया घाटावर पोहोचेपर्यंत स्वयंपाकीण होऊन जात. कारण साधं होतं. बाईची माहिती काकाजी तिच्या नवऱ्याला किंवा मुलाला विचारत. आमच्याकडे बाया घाटावर जात नाहीत, म्हणून ऐकणारेही सगळे पुरुषच, आणि चूक काढायला तिथे कोणी नसे. मी एकदा त्यांना हे चिडवून दाखवलंही. ते म्हणाले, "मंग बाईचं कोणाले विचारू? तिच्या घरच्याले मालूम नसन तर कोणाले राहीन?"

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी काकी पहाटे वांगी तोडायला वाडीत गेली आणि तिला घोणस चावली. काकाजींनी तिला ऑटोत घालून सेलूला नेलं, तिथून वर्ध्याला नेलं. दुपारपर्यंत ती गेली.

घाटावर चिता पेटली, लोक बसले, आणि सवयीने सगळ्यांच्या माना काकाजींकडे वळल्या. ते उभे राहिले. "ही," म्हणाले. मग बराच वेळ उभे राहिले. मग खाली बसले. लोकांनी डोळे पुसले. घरच्या माणसाचं दुःख, त्यांच्याने बोलवेल कसं, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो.

तेरवीच्या दुपारी मंडप रिकामा झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, लोकाइले वाटलं माहा गळा भरून आलता. गळा गिळा काई नाई. मले काई आठवलंच नाई." ते माझ्याकडे बघत नव्हते. "साऱ्या गावाचं मालूम आहे. हिच्या हातचं काय सांगू? भाकर करे? साऱ्याच करतात. म्या लोकाइच्या बायांबद्दल हेच सांगत आलो, अन् माह्यावाली गेली तवा समजलं का मी काईच सांगत नोतो."

इतका हताश माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांना सिंधूबाईबद्दल खरे दोन शब्द हवे होते, आणि ते सापडेपर्यंत त्यांना चैन पडणार नव्हतं. मी मास्तर माणूस, मला लगेच उत्तर सुचलं. मी म्हणालो, "काकाजी, ज्या बायांबरोबर काकी वीस वर्षं निंदायला गेली त्यांना विचारा. कांताबाईला विचारा. त्यांना माहीत असेल." आपण फार शहाणपणाचं बोललो असं मला वाटलं, आणि घरी येऊन मी बायकोलाही ते सांगितलं.

काकाजी कामाला लागले. बाया ज्या शेतात असतील तिथे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसू लागले. बायांना आधी अवघडल्यासारखं झालं. कांताबाई तर पाठ फिरवून बसे. ती काकीची सगळ्यात जवळची मैत्रीण, टोळीत नेहमी तिच्या शेजारची. पण बाकीच्या हळूहळू बोलू लागल्या, आणि पंधरा-वीस दिवसांनी काकाजी माझ्याकडे आले ते नवरदेवासारखे खुलून. "सापडलं, मास्तर. हे मले या जन्मात कोणी सांगतलं नोतं."

मी विचारलं काय, तर सांगेनात. आता ते बायांच्या पुढेच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेतात सीतादही होतं. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या दिवशी शेतात पूजा करून दही-भात शिंपडतात, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. वेचणाऱ्या सगळ्या बाया त्या दिवशी हजर असतात. काकाजींनी माझी परवानगी मागितली. मी आनंदाने दिली.

पूजा झाली. बायांनी ओट्या बांधल्या. काकाजी धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आले होते. ते कापसाच्या पऱ्हाटीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बायांनो, घाटावर तुमी येत नाई म्हणून इथं सांगतो. सिंधू निंदाले बसली का डोये खाली लावत नसे. ती हातानं पाहे. गवत कोणतं अन् पीक कोणतं, तिच्या बोटाइले मालूम राहे. चुकून एक रोप कधी उपटलं नाई. असा हात म्या या गावात दुसऱ्या कोणाचा पाह्यला नाई."

मला वाटलं, त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दोन शब्द हेच. मी बायांकडे बघितलं. एकही बाई मान वर करत नव्हती. काकाजी कौतुकाच्या शब्दाची वाट बघत उभे होते. त्यांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली, "नुसत्या बोटानं," आणि तेव्हा कांताबाई म्हणाली, "भाऊजी, तिले दिसत नोतं."

काकाजींना ते कळलं नाही. कांताबाईने खाली बघतच सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन वर्षं झाली होती. घरात, ओळखीच्या वाटेवर निभावून जायचं. निंदणाला कांताबाई एका बाजूला बसे आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी, आणि काकीची ओळ दोघी मिळून सांभाळत. "आपरेशन कर म्हणून किती सांगतलं. म्हणे, आठ दिवस चुलीजवळ जाता येत नाई, वाकता येत नाई, मंग वांगे कोण तोडन. या वर्सी नाई, पुढल्या वर्सी." काकाजींनी विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?" कांताबाईला ते सांगायचं नव्हतं. मग तिने सांगितलं. "म्हणे, याले सांगू नका. हा साऱ्या गावाले सांगत फिरन. तिनं आमाले शपथ घातली होती."

काकाजी बांधाकडे चालू लागले. बाया वेचणीला लागल्या, कारण दिवस वर येत होता. मी काकाजींच्या मागे गेलो. ते म्हणाले, "बाजाराच्या आंधी जुड्या बांधे. एक मोठी, एक लहान होऊन राह्यली होती तिची. मी बोललो तिले. लोकं काय म्हणतीन म्हणलं." आणि नंतर, "तिले साप दिसला नसन, मास्तर."

मी म्हणालो की चांगल्या नजरेच्या माणसालाही साप चावतो, पहाटे कोणाला दिसतो. हे खरंही आहे. त्यांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "चावला तवा दिवस निंघाला होता. तू असता तर पाय ठेवला असता काय?"

त्या हिवाळ्यात गावात तीन माणसं गेली. काकाजी घाटावर आले, पण मागे नाल्याच्या बाजूला बसले. कोणी बोलवलं तर हात जोडत. आजाऱ्यांच्या घरी जाणंही थांबलं. एका म्हातारीने मला विचारलं, "काकाजी माह्याकडं काऊन येत नाई, मी का मरत नाई का?" पौषात एकदा मी त्यांच्या वाडीवर गेलो, तर ते वांग्यांच्या ओळीत उकिडवे बसून डोळे घट्ट मिटून निंदत होते. शेजारच्या ढिगात गवत होतं आणि वांग्याची रोपंही होती. माझी चाहूल लागली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "नाई जमून राह्यलं मले." मी त्यांना उठा म्हणालो, थंडी बाधेल म्हणालो. माझा शहाणपणा तेवढ्यावर संपला.

होळीच्या आधी त्यांना ताप आला. डॉक्टरांनी छातीत कफ झालाय म्हटलं, औषधं दिली. ती त्यांनी घेतली की नाही, कोणाला माहीत नाही. पाचव्या दिवशी ते गेले.

घाटावर चिता पेटली, लोक बसले, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी शिक्षक, आणि शेवटी त्यांच्या जवळचा. मी उभा राहिलो. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, घरून येताना मनात जुळवलंही होतं. पण समोर आग पाहिली आणि डोळे मिटून वांग्यात बसलेला तो माणूस सोडून मला दुसरं काही दिसेना. ते मी कोणापुढे आणि कशासाठी सांगू? मी हात जोडले आणि मौन पाळायला सांगितलं. लोक बिनबोलता आंघोळीला गेले.

परत आलो तेव्हा काकाजींच्या अंगणात बाया बसल्या होत्या. कांताबाई उठून माझ्याजवळ आली. "काय सांगतलं त्याइच्याबद्दल?"

"काही नाही."

तिने मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "त्याले आमच्याकडं तुमीच धाडलं होतं ना, सर?"

"हो."

"तो इतका खुशीत सांगून राह्यला होता. मले खोटं पाहवलं नाई, म्हणून म्या बोलली. शपथ मोडली." तिच्या आवाजात राग नव्हता. "मी बोलली नसती तर तो जगला असता काय? तुमी शिकलेले आहा, म्हणून विचारून राह्यली."

आतापर्यंत मी गावात ज्याला त्याला काहीतरी सांगत आलो आहे. ती उत्तराची वाट बघत उभी होती.