तेप्लित्सेला सांगायला गेलेला माणूस

माझे बाबा अकरा उन्हाळे युरोपात राहून आले आणि त्यांचा तिथला एकही फोटो नाही. हे वाक्य मी आधी एका पत्रकासाठी लिहिलं होतं. पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. मेसच्या डाळीवर, वसतिगृहाच्या गेटच्या वेळांवर, फुटपाथवर चढणाऱ्या गाड्यांवर. पहिल्याच ओळीत वाचणारा चिडला पाहिजे, हे तिथे शिकले. बाबांवरचं पत्रक कधी छापलं नाही. ते का, तेच सांगते.

आमचं गाव कोकणात, तुरळजवळ. बाबा सव्वीस वर्षांपूर्वी ड्रायव्हर म्हणून आखातात, अबुधाबीजवळच्या अल ऐनला आले आणि एकाच म्हाताऱ्याकडे राहिले. त्याला ते अर्बाब म्हणायचे, म्हणजे मालक. पुढे अर्बाबचे गुडघे गेले, मग अर्धं अंग लुळं पडलं, आणि बाबांच्या हातात स्टिअरिंगबरोबर व्हीलचेअरही आली. दर जूनमध्ये अर्बाबला तीन आठवडे चेक देशातल्या तेप्लित्से नावाच्या जुन्या शहरात न्यायचे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि शेकडो वर्षं लोक सांधे शेकायला जातात. गंमत अशी, की गरम झरे अल ऐनलाही आहेत, जेबेल हफीत डोंगराच्या पायथ्याशी. आणि आमच्या तुरळला तर कुंडच आहे, गावातल्या बायका तिथे फुकट अंघोळ करतात. हे मी बाबांना ऐकवलं की ते म्हणायचे, "पाणी सगळीकडे गरमच असतं गं. तिकडे सिस्टर चांगली आहे."

दोन वर्षांपूर्वी मला अबुधाबीत एका हॉस्पिटलच्या ऑफिसात नोकरी लागली. शनिवारी मी अल ऐनला जायचे, बाबांच्या खोलीवर. गॅरेजला लागून खोली, एक खाट, एक फ्रिज. तिथे बसून मी त्यांच्या फोनमधले फोटो पाहिले. राजवाड्यासमोर अर्बाब. कारंज्यापाशी अर्बाब. तळ्यातल्या बदकांकडे बघून कपाळाला आठ्या घालणारा अर्बाब. बाबा कुठे? बाबांची सावली होती, तीही तीन-चार फोटोंत, चाकांवर पडलेली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही अकरा वेळा गेलात आणि काय बघितलंत? ते म्हणाले, बटाटे चांगले मिळतात.

जानेवारीत अर्बाब गेले. झोपेतच. त्यांच्या मुलांनी बाबांना सांगितलं, हबीबी, सप्टेंबरपर्यंत आरामात रहा, मग घरी जा. चांगलं वागले, हे कबूल करते. मला वाटलं, झालं, आता बाबा सात-आठ महिने झोपा काढतील. त्यांनी उलट मला विचारलं, की तेप्लित्सेचा व्हिसा स्वतःच्या नावाने मिळतो का.

कारण ती सिस्टर. ती स्नानगृहात काम करायची, अर्बाबला पाण्यात उतरवणं, बाहेर काढणं, चादरीत गुंडाळणं, हे ती आणि बाबा मिळून करायचे. दरवर्षी शेवटच्या दिवशी ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून बाबांसमोर धरायची आणि बाबा पुढच्या वर्षासाठी जूनवर बोट ठेवायचे. मागच्या वर्षीही ठेवलं होतं. आता जून येणार, ती वाट बघणार, आणि तिला कोणी सांगितलेलंच नाही.

मी म्हटलं, फोन करते. दोन मिनिटांचं काम. बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी काही घाण बोलले.

"मेल्याचं फोनवर सांगतात होय? सांगायला माणूस जातो."

आमच्या वाडीत खरंच जातो. कोणी गेलं की चार दिशांना चार माणसं निघतात, अजूनही, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना. गावातल्या गोष्टींवर मी भरपूर टीका केली आहे, या गोष्टीवर कधी विचारच केला नव्हता. आई फोनवर म्हणाली, अगो, जाऊंदेत, नाहीतर झोपायचे नाहीत. मग मी कामाला लागले. वेळ कमी होता. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी इथली रेसिडेन्सी, म्हणजे राहण्याची परवानगी, परतीनंतर तीन महिने तरी शिल्लक लागते. बाबांची सप्टेंबरच्या सुरुवातीला संपत होती, म्हणजे मे संपायच्या आत जाऊन यायला हवं होतं. नंतर बाबा कायमचे गावी, आणि तुरळहून कोण कधी तेप्लित्सेला जातंय?

कागद जमवले. मुलांकडून एनओसी, माझं सॅलरी सर्टिफिकेट, हॉटेलचं बुकिंग. कव्हर लेटर अर्थातच मी लिहिलं, आणि जीव ओतून लिहिलं. अकरा वर्षं ज्याने दुसऱ्याची खुर्ची ढकलली, त्याला त्या शहराने एकदाही पाहुणा म्हणून बघितलं नाही. शहराच्या माहितीपत्रकात कोणकोणते राजे, कवी, संगीतकार इथे अंघोळीला आले त्याची यादी आहे, टॉवेल धरणाऱ्यांचा उल्लेख नाही. या माणसाला आता स्वतःच्या पायांनी तिथे फिरण्याचा हक्क आहे. दोन पानं. अजूनही मला त्यातलं एकही वाक्य खोटं वाटत नाही.

व्हिसा सेंटरच्या काउंटरवर एक मल्याळी गृहस्थ होते, चष्मा नाकावर. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिल्यावर आले. मग हिंदीत, अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, ये कव्हर लेटर है, या कम्प्लेंट?"

बाबांना हसू आलं. मला नाही. गृहस्थ म्हणाले, यात जायचं कशाला आणि परत कधी येणार, हेच नाही. खरंच नव्हतं. मी तावातावाने काही सांगणार, तर बाबांनी एक कोरा कागद मागून घेतला आणि म्हणाले, लिही, मी सांगतो. मी काउंटरवरच उभी राहून इंग्रजीत लिहीत गेले. मी एका आजारी माणसाला सांभाळायचो. आम्ही दरवर्षी यायचो. तो माणूस वारला. तिथे जी बाई आमच्याबरोबर काम करायची, तिला हे सांगायचं आहे. सांगून पाच दिवसांत परत येतो. खाली सही.

गृहस्थांनी ते वाचलं. माझी दोन पानं मला परत दिली आणि हा कागद फाइलच्या सगळ्यात वर ठेवला. "वापस आएँगे ना, चाचा?" बाबा म्हणाले, "इन्शाल्ला." आखातात या शब्दाचा अर्थ येईन असाही होतो आणि बघू असाही, म्हणून मी घाईघाईने म्हटलं, येणारच, येणारच. पुढचे पंधरा दिवस बाबांनी एकदाही विचारलं नाही काय झालं. मी दिवसातून चार वेळा स्टेटस बघायचे. पासपोर्ट आला, त्यात व्हिसा होता, आणि बाबा म्हणाले, आता खजूर घ्यायला हवेत.

तेप्लित्सेला आम्ही प्रागहून रेल्वेने दुपारी पोचलो. सिस्टरची ड्युटी सकाळची असते, हे बाबांना माहीत होतं, म्हणून संध्याकाळ रिकामी होती. माझा बेत पक्का होता. आज बाबांना शहर दाखवायचं. सगळं वाचून आले होते, राजवाड्याचा चौक, प्लेगच्या साथीनंतर उभारलेला दगडी खांब, मागची बाग, तळी.

पण बाबा चौकाकडे सरळ जाईनात. समोर चौक दिसतोय आणि हे डावीकडे वळून एका गल्लीत शिरले, मग एका बँकेच्या कडेने, मग फुटपाथचा कोपरा जिथे उतरता केलाय तिथूनच रस्ता ओलांडला. मी दोनदा विचारलं, वाट चुकली का? ते आपले चालत होते, हात जरा पुढे, छातीच्या खाली. मग माझ्या लक्षात आलं. सगळा चौक जुन्या दगडी ठोकळ्यांचा आहे. त्यावर खुर्चीची चाकं हादरतात आणि अर्बाबची पाठ दुखायची. म्हणून बाबांनी पहिल्या दोन उन्हाळ्यांत एकही धक्का न बसणारा रस्ता शोधून काढला होता, पूर्ण शहरभर, आणि आज रिकाम्या हातांनीही ते त्याच रस्त्याने चालले होते.

मी थांबवलं नाही. उलट विचारत गेले. तर काय, या माणसाला शहर पाठ होतं. कुठल्या चढावर दम लागतो, कुठल्या झाडाखाली दुपारी तीनलाही सावली असते, वायरवर चालणाऱ्या बसच्या कुठल्या दाराला उतार लागतो, कुठल्या बाकावरून बँडचा आवाज बेताचा येतो. भाजीच्या दुकानात एक व्हिएतनामी बाई होती. ती आणि बाबा टोमॅटोंवर चक्क अरबीत बोलत होते. उन्हाळ्यात इतकी आखाती मंडळी येतात, की तीही शिकली होती. तिने बटाटे निवडून दिले आणि पैसे घेताना मान हलवून खुर्चीबद्दल विचारलं. बाबांनी सांगितलं नाही. उद्या, म्हणाले. आधी सिस्टर.

शेवटी मीच त्यांना ओढून खांबाच्या पलीकडच्या बाजूला नेलं, दगडी ठोकळ्यांवरून. अकरा वर्षांत ती बाजू त्यांनी पाहिली नव्हती. मान वर करून त्यांनी देवदूत, ढग, सगळं नीट बघितलं. "ह्या बाजूनेही तसाच आहे," म्हणाले. मग आम्ही तळ्याकाठी बसून उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले. संध्याकाळचं ऊन पाण्यावर होतं, बदकं पायाशी आली होती, आणि मला कोणाचाही निषेध करावासा वाटत नव्हता. हे मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण असं क्वचित होतं. मी बाबांचा फोटोही काढला. त्यात ते बटाट्याकडे बघतायत.

सकाळी स्नानगृहात जाताना मी फोनवर चेक भाषेत एक वाक्य तयार ठेवलं होतं, सभ्य, व्याकरणशुद्ध. बाबांना दाखवलं. त्यांनी खिशात ठेव म्हणून खूण केली. त्या दोघांची भाषा कशी होती, ते सांगायला हवं. तिला दहा-बारा अरबी शब्द येत होते, यांना तेवढेच चेक, आणि अर्बाब बाबांना हबीबी, म्हणजे मित्रा, अशी हाक मारायचे म्हणून ती अकरा वर्षं तेच यांचं नाव समजून चालली होती.

लांब पांढरा पॅसेज, ओलसर गरम हवा, आमच्या कुंडाजवळ येतो तसा थोडा गंधकाचा वास. ती दारातून बाहेर आली. साठीच्या घरात, रुंद मनगटं, पांढऱ्या लाकडी सपाता. बाबांना बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच तिने त्यांच्या मागे बघितलं, पॅसेजच्या टोकापर्यंत. मग पुन्हा बाबांकडे, त्यांच्या हातांकडे.

बाबा सरळ उभे राहिले. गावात उभे राहतात तसे. आणि मराठीत बोलले.

"सिस्टर, अर्बाब गेले. जानेवारीत. झोपेत गेले, त्रास झाला नाही. मी जवळ होतो."

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एकही शब्द कळत नव्हता आणि मी फोन बाहेर काढला नाही, कारण काढायची गरजच नव्हती. तिने बाबांचे दोन्ही हात धरले. मग आम्हाला आतल्या छोट्या खोलीत नेलं, जिथे त्या बायका चहा पितात. बाबांनी खजुराचा डबा टेबलावर ठेवला. तिने चहा ओतला. बाहेर पाणी वाहत होतं.

मग तिने अचानक मान खाली घातली, हनुवटी छातीला टेकवली, एक डोळा बारीक केला आणि घोगऱ्या आवाजात ओरडली, "यल्ला! यल्ला! पाणी थंड आहे!" यल्ला म्हणजे चला लवकर, आणि शेवटचंही तिने अरबीतच म्हटलं, बाबांनी मला नंतर सांगितलं. हुबेहूब अर्बाब. बाबा दचकले आणि मग हसायला लागले. मग बाबांनी अर्बाब केले, चादरीत गुंडाळल्यावर नाक खाजवायला हात सुटत नाही म्हणून शिव्या घालणारे. तिने टेबलावर हात आपटला. दोघं इतकी हसली, की तिला टॉवेलने डोळे पुसावे लागले, आणि पुसल्यावरही ते थांबेनात.

मी त्या म्हाताऱ्याला दोन-तीनदाच पाहिलं होतं. माझ्या दोन पानांत तो फक्त मालक होता, त्याला नाक नव्हतं, त्याला थंडी वाजत नव्हती. पानांतल्या मुद्द्यांवर मी आजही ठाम आहे. टॉवेल धरणाऱ्यांची यादी झालीच पाहिजे. पण ती करायची तर त्यात ही खोली घालावी लागेल, हा टेबलावर आपटलेला हात, आणि ते मला पत्रकात बसवता येत नाही. म्हणून ते पत्रक छापलं नाही.

तिची पुढची पेशंट आली होती. तिने बाबांना पाण्याकडे बोट दाखवून उतरायला सांगितलं, आजच, आत्ता. बाबांनी मान हलवली, पुष्कळ झालं, म्हणाले, मराठीतच. तिने खजुरातले दोन एप्रनच्या खिशात टाकले आणि कामाला गेली.

बाहेर आल्यावर बाबांनी माझा फोन मागितला आणि गावी लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला. स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"हसली," बाबा म्हणाले. "मग रडली थोडी. चहा दिला, लिंबू पिळून."

"लिंबू?" आई म्हणाली. "दूध नव्हतं काय तिच्याकडे?"

बाबा तिला समजावून सांगत रस्त्याने निघाले आणि बोलण्याच्या नादात थेट चौकात शिरले, दगडी ठोकळ्यांवरून, सरळ.