नेपतीच्या मागे लागलेली माणसं

तीन माणसं एका झुडपाच्या मागे लागली की किस्से शोधावे लागत नाहीत. रानातून परतताना चपलेला गोखरू चिकटतात, तसे ते आपोआप घरापर्यंत येतात.

आमचं झुडूप नेपतीचं. पानं जवळपास नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या आणि काटे. पण उन्हाळा लागला की लाल फुलांनी भरून जातं. भीमेकाठच्या बांधांवर पूर्वी नेपती सर्रास असायची. ऊस आला, जेसीबी आले, बांध गेले, तशी तीही गेली. ती परत लावायच्या खटाटोपात आम्ही तिघं होतो. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर, राहू गावात नर्सरी चालवणाऱ्या सुमनताई आणि रांजणगावला कंपनीत शिफ्ट करणारा मी.

*

कंपनीच्या बसमधून मला रोज एक फुललेली नेपती दिसायची. एकदा ड्रायव्हरला म्हटलं, "मामा, दोन मिनिटं थांबवा, झुडूप बघायचंय."

मी फुलं बघत होतो, तोवर अर्धी शिफ्ट खाली उतरून झुडपाच्या पलीकडं उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून मामा न सांगता तिथं थांबायला लागले. "तुम्ही झुडूप बघा, तवर बाकीचे मोकळे हुत्यात."

सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "त्या झुडपाचा नमुना तेवढा आणू नका."

*

बी मिळवणं अवघड होतं. फळ लाल झालं की बुलबुल आमच्या आधी हजर. शेवटी सुमनताईंनी आपली जुनी हिरवी साडी राहूच्या रस्त्याकडेच्या नेपतीवर पांघरली आणि काठ घट्ट बांधले.

फळं पिकल्यावर गेलो, तर झुडपाखाली हळदकुंकू, नारळ आणि उदबत्तीची राख. एक बाई हात जोडून उभी होती. सुमनताईंनी विचारलं, "कुठला देव हाय, वो?"

"म्हाईत न्हाई. पर साडी नेसलीय म्हंजी देवीच असणार."

बाई गेल्यावर आम्ही गुपचूप फळं काढली. साडी सोडायला लागलो, तसे सर अस्वस्थ झाले. म्हणाले, "अंधश्रद्धा आहे ही. पण साडी राहू द्या."

*

ताजं बी लगेच पेरलं, तेव्हा कुठं रोपं आली. ती आम्ही वडगाव रासाईच्या गायरानात लावली. सरपंचांनी स्वतः जागा दिली होती.

पावसाळा संपल्यावर बघायला गेलो, तर गायरान चकाचक. सरपंच हसतमुखानं सामोरे आले. "सर, पुण्याचं सायेब तुमची झाडं बघाया येणार हुतं. म्हणून आधी सगळं काटंकुटं उपटून काढलं." मग अभिमानानं हात केला. "आन् गुलमोहर लावलं."

सुमनताईंनी पिशवीतून नवं, ताजं बी काढलं आणि म्हणाल्या, "चला, आता कुठं?"

*

त्याच गावात आप्पांच्या रानात सगळ्यांत जुनी नेपती होती. आप्पा तरुणपणी मेंढरं घेऊन हिंडायचे. मेंढरं तिच्या विरळ सावलीत बसवायची आणि बायकोनं फळांचं लोणचं घालायचं. बायको गेली, मेंढरं विकली, नेपती राहिली.

मुलगा पोपट याला ऊस लावायचा होता. आम्ही विनवलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही काट्यासाठी येता. मला पोटासाठी रान लागतंय." त्यात खोटं काही नव्हतं. जेसीबी आला, नेपती मुळासकट निघाली. आप्पांनी पोराशी बोलणं टाकलं. भाकरी खायचे, पण तोंड दुसरीकडं करून.

ऊस दोनदा तुटून गेल्यावर पोपटचा निरोप आला, "या."

मोकळ्या रानात, जुन्या जागेवर, खोल तुटून राहिलेल्या मुळांतून कोंब आले होते. अंगठ्याएवढे जाड, हिरवेगार.

पोपट म्हणाला, "तुम्ही लावता तिथं ही येत न्हाई. मी काढली तिथं आली."

मग तो ट्रॅक्टरवर चढला. नांगरत नांगरत कोंबांजवळ आला, नांगर उचलला, तेवढी जागा सोडून पुढं टेकवला. बांधावर आप्पा बसले होते.

तो खाली उतरल्यावर सरांनी विचारलं, "ती जागा का सोडलीस रे?"

"फाळ मोडतो," पोपट म्हणाला.

सरांनी त्या कोवळ्या कोंबांकडं बघितलं, मग लोखंडी फाळाकडं बघितलं. आप्पा उठले, धोतर झटकलं आणि पोराला म्हणाले, "चल, च्या घेऊ."