मुटकुळ्यांतलं मीठ

रोज सकाळी चूल पेटवण्याआधी बायजाकाकी मिठाचा एक खडा जिभेवर ठेवायची. बरणीत हात घालून, बोटांनी चाचपून काढलेला, हरभऱ्याएवढा खडा. मग मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून डोळे मिटायची. खडा विरेपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हे तिच्या घरात ठरलेलं होतं आणि आमच्याही, कारण रोह्याशेजारच्या अष्टमीतल्या आमच्या आळीत दोन्ही घरांची मागची दारं समोरासमोर आहेत. खडा विरला की ती डोळे उघडायची, हात धुवायची आणि नवऱ्याला, काळुकाकांना, उठवायला दिवसातली पहिली हाक मारायची.

काकी पेणच्या पलीकडची, खाडीकाठच्या मिठागरावर वाढलेली. तिचा बाप सकाळी पोरांच्या तोंडात आदल्या दिवशी ओढलेल्या मिठाचा खडा टाकायचा आणि विचारायचा, गोड झालंय का कडू.

"मीठ गोड कसं असेल, काकी?" मी लहानपणी विचारलं होतं.

"कडू नसला म्हंजे गोड. त्यात इचारायचा काय?"

लग्न होऊन ती रोह्याकडे आली ती भात आणि वाल पिकवणाऱ्या घरात. भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, आणि माघ संपता संपता त्यांची मळणी करायची. मळणीला जे हात लावायला येतील त्यांना त्या दिवशी काळुकाकांकडे जेवण असतं. मोड आणून सोललेल्या वालांचं बिरडं, ओल्या खोबऱ्याचं वाटण, आमसुलं, आणि त्या उकळत्या कालवणात सोडलेली तांदळाच्या उकडीची मुटकुळी. उकडीचा गोळा मुठीत दाबायचा, की त्याच्यावर बोटांचे ठसे उठतात, तेच मुटकुळं. एका वाडग्यात पोट भरतं, भात लागत नाही. थंडीत काकी ते एरवीही करायची आणि आमच्याकडे वाडगा यायचा. ठसे अरुंद असायचे, कारण तिचे हात लहान होते.

त्या बिरड्यात काकी मीठ घालत नसे. सगळं मीठ उकडीच्या पाण्यात जायचं, उकडीतून मुटकुळ्यांत, आणि मुटकुळी शिजताना तिथून कालवणात उतरायचं. ही तिच्या माहेरची रीत. असं का, हे विचारलं की दर वेळी निराळं उत्तर मिळायचं. कधी म्हणायची, मिठागरावरून आलेल्या माणसाचे हात इतके खारे असतात की कालवणात मीठ टाकलं तर जेवताना दुप्पट होतं. कधी म्हणायची, वालाला मीठ लवकर लागलं तर तो शिजायला रुसतो. कधी नुसतं, "माझी आय तसाच करायची." मला यातलं कुठलं खरं ते कळलं नाही, आणि मला वाटतं तिलाही त्याची गरज वाटली नव्हती.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिला ताप आला. उतरला, पण खोकला राहिला, आणि डॉक्टरांनी धुराजवळ बसायचं नाही असं बजावलं. तोवर विशालचं, तिच्या मुलाचं, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. विशाल डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. शिफ्टप्रमाणे कधी पहाटे जातो, कधी दुपारी. सून वैशाली कासूकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आता वैशाली चुलीपाशी बसून कालवण बघू लागली आणि काकी दारात, धुरापासून लांब, मांडीवर परात घेऊन मुटकुळी वळू लागली.

थंडीतलं पहिलं बिरडं झालं आणि आमचा वाडगा आला. मी पहिला घास घेतला आणि पाणी प्याले. आईही पाणी प्याली. ते बिरडं नुसतं खारट होतं.

पुढच्या खेपेला ते इतकं अळणी होतं की बाबांनी वरून मीठ घेतलं. काकीच्या हातच्या जेवणावर वरून मीठ घेणं आमच्या घरात आधी कधी झालं नव्हतं. तिसऱ्यांदा पुन्हा खारट. समोरच्या दारातून विशालचा आवाज ऐकू आला, "आई, कँटीनवाला पण एवढं नाय गो टाकत." त्यावर काकी काही बोलली नाही. ती उत्तर दिल्याशिवाय राहणारी बाई नव्हती, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

त्या दिवसांत एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. वैशालीने चहा आणला. मी घोट घेतला आणि थांबले. साखर घालायची राहून गेली होती. काळुकाकाही थांबले होते. वैशालीने तोंडावर हात ठेवला. काकीने मात्र चहा बशीत ओतून सावकाश पिऊन टाकला आणि कप खाली ठेवत म्हणाली, "आज आलं चांगला टाकलास."

चहात आलं नव्हतं.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि काकांनी तो बिनसाखरेचा चहा तसाच संपवला. करोनाच्या साथीत विशालचीही चव गेली होती, पण ती पंधरवड्यात परत आली होती. काकीला ताप येऊन पाच महिने होत आले होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यावर उभी होती, डोळे मिटून, जिभेवर खडा ठेवून. मला कळेना की ती काय करते आहे. न लागणाऱ्या चवीची परीक्षा घेते आहे, की आम्हाला दाखवायला उभी आहे?

मळणी जवळ आली तेव्हा विशालने विषय काढला. ओटीवर सगळे होते. "यंदा जेवण पुलापलीकडच्या खानावळीतून आणू. आईला त्रास नको."

"माज्या मळणीला खानावळ?" काकी म्हणाली.

"त्रास नको म्हणून म्हणतो."

"त्रास तुमाला होतो, खाताना. मला म्हायत हाय." मग ती वैशालीकडे वळली. "यंदा मी करते. बिघडला, तर पळी तुजी. मग मी चुलीकडं ढुंकून पण बघणार नाय."

"आई, असं काय बोलता."

"बोलले ती बोलले."

काळुकाकांनी पानाचा डबा उघडला आणि बंद केला. कोणालाच हे नको होतं. बायजाकाकी चुलीकडे बघायची नाही म्हणजे दिवसभर काय करायची, याचा विचार आळीत कोणी करू शकत नव्हतं.

मळणीच्या दिवशी मागच्या अंगणात तीन दगड मांडून मोठा टोप चढवला होता. मी खोबरं खवत होते. वैशाली चुलीपाशी होती. काकी दारात बसली होती, बाजूला गॅसच्या लहान शेगडीवर उकडीचं पाणी तापत होतं, आणि त्यात तिने आपल्या मुठीने मीठ टाकलेलं मी पाहिलं होतं. शेतावरून काळुकाका पाण्याची कळशी भरायला आले होते आणि पिंपाशी रेंगाळले होते.

"वैशाली, चाख गो," काकी म्हणाली.

वैशालीने पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला. "बरोबर हाय, आई."

"काय बरोबर?"

"सगळंच. तिखट, आंबट."

"मीठ?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. "मीठ पण बरोबर."

काकीचा हात परातीवर थांबला. "मीठ कुठून आला त्यात?"

वैशालीला प्रश्नच समजला नाही. मला समजला, आणि मी खोबरं खवायची थांबले.

"माझा मीठ हितं हाय, ह्या पाण्यात," काकी म्हणाली. "मुटकुळी अजून वळायचीत. आता टोप चाखला तर फिका लागाया पायजे, पाण्यासारखा. मग बरोबर कसा?"

"मी टाकलं," वैशाली म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आमच्याकडं कालवणातच टाकतात. मला वाटलं तुम्ही विसरता. दर वेळी चाखायचे आणि अळणी लागायचं, म्हणून टाकायचे. पण आज एवढं नाय टाकलं, आई. अर्धी मूठ. टाकल्यावर पण मघाशी कमीच लागत होतं."

"मग बाकीचा?"

पिंपाचं झाकण वाजलं. काळुकाका कळशीत फार मन लावून बघत होते.

"अवो, हिकडं बघा."

"चिमूटभर टाकला," काका म्हणाले. "जाता जाता."

"तुमची चिमूट म्हंजे फावडा."

"ती अळणी व्हता म्हून."

"अळणीच असतो. चाळीस वर्सं खाताव, कदी बघितलात नाय कसा करते ती?"

"खाताना बघतो व्हय मी? खातो."

मला हसू आलं आणि ते मी आवरलं, कारण काकी हसत नव्हती. ती मागच्या सगळ्या खेपा जुळवू लागली. पहिल्या बिरड्यात वैशालीने टाकलं होतं. ते खारट झालं असं कानावर आलं म्हणून काकीने उकडीतलं मीठ कमी केलं, आणि त्याच खेपेला वैशालीने भिऊन टाकलंच नाही. अळणी झालं म्हणून पुढे दोघींनी टाकलं. की त्या वेळी काकांनीही? काका म्हणाले, त्या वेळी नाही, त्याच्यानंतर. वैशाली म्हणाली, त्याच्यानंतर तर ती माहेरी गेली होती. काकी म्हणाली, माहेरी तू संक्रांतीला गेलीस. बराच वेळ तिघं बोलत राहिली आणि कुठल्या बिरड्यात कोणाचं मीठ होतं याचा मेळ काही बसला नाही.

"म्हंजे माजा हात बरोबर व्हता का नव्हता?" काकीने शेवटी विचारलं.

वैशालीने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आनि मी विसरते असा तुमाला का वाटला?"

टोपातलं कालवण उकळत होतं. काळुकाकांनी कळशी खाली ठेवली आणि तिच्याजवळ येऊन पायरीवर बसले. "बायजा, तुला चव लागत नाय. त्या दिवशी चहात साखर नव्हती."

"तुमाला ठाव व्हता?"

"व्हय."

तिने वैशालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघींनी माना डोलावल्या.

"आनि रोज सकाळी मी खडा घेऊन उभी ऱ्हायची, ती बघत व्हतात सगळी. गपगुमान."

तिला राग आला आहे की बरं वाटलं आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग उकडीच्या पाण्याचं भांडं तिने माझ्याकडे सारलं. "ह्यो खारा पानी ओतून टाक, सुरभे. दुसरा ठेव. बिनमिठाचा."

"आई, मग मुटकुळी फिकी होतील," वैशाली म्हणाली.

"होऊ देत. टोपातला काढता येतो का आता?"

दुपारी शेतावरून माणसं आली आणि अंगणात पंगत बसली. काकी दारात बसून एकेकाचं तोंड बघत होती. काळुकाकांचा जुना सोबती गुणाजी दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाला, "वयनी, कालवण एक नंबर. पण मुटकुळी आज कुणावर रुसलीत? बोलत नायत."

"पुढल्या वर्सी बोलतील," काकी म्हणाली. "आज सुनेचा मीठ हाय. गप जेव."

वैशाली वाढता वाढता थांबली आणि परत वाढू लागली.

संध्याकाळी विशाल शिफ्टवरून आला, जेवला, आणि भीत भीत म्हणाला, "मग पळीचं काय ठरलं?"

"बिघडला का?"

"नाय. मुटकुळी जरा..."

"बिघडला का?"

"नाय."

"मग ठरायचा काय त्यात? टाकणार मी. चाखणार ही."

तेव्हापासून तसंच चाललं. काकी उकडीत मीठ टाकायची आणि मोठ्याने सांगायची, म्हणजे चुलीपाशी वैशालीला, पिंपाशी काकांना आणि समोरच्या दारात आम्हालाही ऐकू जाईल. मुटकुळी शिजली की वैशाली चाखायची, आणि काकी तिच्या तोंडाकडे बघत राहायची. पुन्हा कधी खारट झालं नाही. सकाळचा खडा मात्र तिने सोडला नाही. एकदा मी विचारलंच, "काकी, लागतंय का काही?"

"नाय."

"मग कशाला घेतेस?"

"आला तर कळाया नको?"

गेल्या पौषात ती गेली. आजारी नव्हती. त्या सकाळी मी दारात दात घासत उभी होते आणि ती समोर उंबऱ्यावर, रोजच्यासारखी. खडा विरल्यावर तिने डोळे उघडले आणि तोंड थोडं वाकडं केलं. कडू लागल्यावर करतात तसं. की उन्हाने? उन्हं समोरूनच येत होती. मी तोंड धुऊन विचारायला परतले तोवर ती आत गेली होती, आणि काळुकाकांना हाक मारत होती.

दुपारी तिने मुटकुळी वळून परातीत मांडली आणि जरा पडते म्हणून आत गेली. ती उठली नाही. बिरडं उतरवून ठेवलं होतं, मुटकुळी तशीच राहिली. माझ्या आईने परातीवर ताट झाकलं आणि नंतर कधीतरी ती रिकामी केली. मुटकुळी कोणी चाखली नाहीत. बाराव्यानंतर वैशाली मला म्हणाली, "सुरभी, त्यात मीठ होतं का गं? ह्या वेळी मी बघितलंच नाही." मीही बघितलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं, नेहमीसारखं, समोरच्या दारातून, आत जाता जाता मागे न बघता सांगितलेलं:

"मीठ मी टाकलाय गो. तू नको टाकू."