दादाची पेशी

पालघरच्या कोर्टात आत जाण्यापूर्वी दादाने कमरेचा पट्टा सोडला, टोपी काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिली. मला वाटलं, उकडतंय म्हणून. नंतर कळलं, फौजेत आरोपीला साहेबांसमोर टोपी-पट्टा उतरवूनच उभं करतात.

माझा हा भाऊ फौजेतून निवृत्त होऊन बोईसरला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक झाला. तारापूरच्या कारखान्यांकडे स्फोटाचा आवाज आला की आम्ही चिंचणीवाले खिडकीच्या काचा बघतो आणि पुन्हा जेवायला बसतो, इतके निर्ढावलोय. दादाला ते जमलं नाही. शेजारच्या कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हा तो चहाच्या टपरीवर होता. थोडी दारू पोटातही होती. बाजूला उभ्या असलेल्या सालवडच्या एका कामगाराला त्याने आडवा पाडला आणि दांडक्याने मारत सुटला. त्या बिचाऱ्याचा हात मोडला. भानावर आल्यावर दादा त्यालाच पाणी पाजत होता म्हणे. पुढे जामिनावर सुटून तो घरी आला.

आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "परदेशात काही ठिकाणी माजी सैनिकांसाठी वेगळं कोर्ट असतं. शिक्षेऐवजी उपचार. सरकार पैसे देतं, आणि न्यायाधीश स्वतः विचारतात, गोळ्या घेता का, दारू सुटली का."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे आपण विनंती करायची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भरती झाला तेव्हा गावाने बेंजो लावून मिरवणूक काढली, आणि डोकं बिघडून परत आला की विनंती! पण आशा तेवढीच होती. तुरुंगात गेला असता तर नोकरी गेली असती आणि आजार तसाच राहिला असता. म्हणून बाईंनी त्याला पढवलं होतं, "गुन्हा कबूल आहे का विचारलं की नाही म्हणा. बाकी मी बघते."

पुकारा झाला. दादा ताठ उभा राहिला. न्यायाधीशांनी प्रश्न विचारला आणि दादा खणखणीत आवाजात म्हणाला, "जी साब. गलती मेरी है."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. साहेबांसमोर नाही म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं.

न्यायाधीश भले होते. "कबुलीचा अर्थ कळतो ना? तुरुंगात जावं लागेल."

"तेच पायजे साहेब." दादा एकदम घरच्या बोलीवर आला. "मला आत ठेवा. घरी नको. परवा झोपेतनं जागा झालो, तर माजे हात बायकोच्या गळ्यावर. ती कोनाला बोलली नाय."

मी गर्रकन वळले. वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिने पदर गळ्याभोवती ओढून घेतला. सकाळी रिक्षात हीच बाई माझ्याशी सातपाटीचे बोंबील किती महागले यावर बोलत होती! मला ओरडावंसं वाटलं.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "तुरुंग म्हणजे दवाखाना नव्हे," ते म्हणाले आणि सरकारी वकिलांकडे वळले. "अशा माणसाला ठेवायची काही सोय आहे?"

"बघावं लागेल, सर."

बघावं लागेल! इतकी माणसं रिटायर होऊन येतात, आणि अजून बघावंच लागणार होतं.

न्यायाधीशांनी कबुली नोंदवली नाही. पुढची तारीख दिली, तोवर उपचार सुरू करा म्हणाले. "याच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी कोण घेतं?"

"मी घेते," मी म्हटलं.

"तुम्ही कुठे राहता?"

"सासरी. नाशिकला."

"मग रोज लक्ष कोण ठेवणार?"

तेवढ्यात वहिनी पुढे झाली. "मी ठेवते, साहेब. नवरा हाय माजा."

"हिच्याकडं नको!" मघाचा तो ताठ माणूस कठडा धरून रडायला लागला. "साहेब, हिच्याकडं नको!"

न्यायाधीशांनी सगळ्या दालनावर एकदा नजर फिरवली. दुसरं कोणीच पुढे आलं नाही. मग त्यांनी वहिनीला तिचं पूर्ण नाव विचारलं.